माळ्यावरचा सोऱ्या: लहानपणीचं काय काय हातांना अजून आठवतंय?

उंबरठा

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात बार्शीच्या घरी माळा आवरायला काढला. दोन तांब्याचे हंडे, बंबाची जाळी, एक खूर निघालेला पाट आणि जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधलेला पितळी सोऱ्या. फडकं सोडलं तर शेवेची ताटली अजून आत बसवलेली होती आणि तिच्या दोन भोकांत पांढरं काहीतरी वाळून दगड झालं होतं. चीक. आजीला जाऊन १९ वर्षं झाली, म्हणजे तो चीक किमान तेवढा तरी जुना.

मी ५१ वर्षांची आहे. कुरडया कशा करतात ते आपल्याला माहीत आहे असंच मी आजवर धरून चालले होते, कारण मे महिन्यातल्या त्या सकाळी मला लख्ख आठवतात. गच्चीवर अंथरलेली धोतरं, चार कोपऱ्यांवर दगड, ओळीनं घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया, आणि कावळे हाकलायला हातात काठी घेऊन जिन्याच्या सावलीत बसलेली आम्ही पाच भावंडं. प्रत्येकाच्या वाटीत गरम चीक, त्यावर दूध आणि साखर. मोठी माणसं तेल-तिखट घालून खायची.

सोऱ्या हातात घेऊन आईला म्हटलं, आता सांग, करायच्या कशा? आई ७७ वर्षांची. ती सांगायला लागली आणि माझ्या लक्षात आलं, मला जे आठवतंय ते सगळं सकाळी नऊनंतरचं.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचे. आमच्याकडे दोन पाट्यांवर दोघी जावा बसायच्या, आई आणि काकू. वाटलेलं पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचं. चोथा पिळून बाजूला, त्याच्या भुसवड्या. गाळलेलं रात्रभर झाकून ठेवायचं, की सकाळी वर पिवळट निवळी येते. ती अलगद ओतून दिली की खाली घट्ट चीक. पहाटे चारला चूल पेटायची, म्हणजे कुरड्यांना पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. आधणात मीठ आणि हिंग. एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं लाकडी दांड्यानं फिरवत राहायचं. गुठळी झाली की घाणा वाया गेला. आणि शिजला की गरम गरमच सोऱ्यात भरायचा, गार झाला तर उतरत नाही.

काकूच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. लहानपणभर मी तो पाहिला आणि कधी विचारलं नाही. परवा आई म्हणाली, तो चिकाचाच.

म्हणून हा धागा. आठवणी तर लिहाच. पण घरात, गल्लीत, शेतात लहानपणी आपण हातांनी जे केलं किंवा कुणाला करताना पाहिलं, ते नीट लिहा. त्याला काय म्हणायचे, कसं करायचे, कोण करायचं. आपल्या वयाला विचारायला अजून माणसं आहेत.

गोदाकाठ

ताई, तुमचं वाचून पहिला फोन आईला लावला. मी नांदेडचा, वय ५४. माझ्या वाट्याची गोष्ट म्हणजे भुशाची शेगडी.

पत्र्याची उभी, गोल शेगडी. खाली बाजूला मुठीएवढं भोक. गॅसला नंबर लावलेला, पण तो यायला वर्षं जायची आणि रॉकेल रेशनवर मोजून. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की वखारीवर जाऊन लाकडाचा भुसा पोत्यानं आणायचा हे माझं काम. सागाचा मिळाला तर उत्तम. ओला असला की घरभर धूर.

शेगडी भरायची ती अशी. मधोमध रिकामी बाटली उभी धरायची. खालच्या भोकातून एक गोल लाकूड आडवं घालायचं, त्याचं टोक बाटलीला टेकलं पाहिजे. मग भोवतीनं भुसा ओतत जायचं आणि आधी मुठीनं, नंतर वरवंट्यानं ठोकून ठोकून बसवायचं. काठोकाठ भरली की बाटली हळूहळू फिरवत वर काढायची, आडवं लाकूड फिरवत बाहेर. आत हवेला वाट तयार. इथे घाई केली की भुसा ढासळतो आणि सगळं पहिल्यापासून. खालच्या भोकात जळतं लाकूड सारायचं. आत ढकललं की आच वाढते, ओढलं की कमी होते. नीट भरलेली शेगडी तीन-चार तास चालते. वरण, भात, भाकरी होऊन वर अंघोळीचं पाणीही निघायचं.

दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा मी एकट्यानं भरली. रात्री जेवताना वडील आत्याला म्हणाले, "आज शेगडी यानं भरली." एवढंच. मान खाली घालून मी जेवत राहिलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता. वडील जाऊन सहा वर्षं झाली. बाटली फिरवताना त्यांचा हात माझ्या हातावर असायचा, तो दाब मला अजून कळतो.

खडीसाखर

आमच्याकडे बाटलीऐवजी मुसळ उभं करायचे. आणि राख झाली तरी टाकायची नाही, भांडी त्याच राखेनं. भुशाची राख मऊ असते, पितळ छान निघतं.

रानवाट

खटाव तालुक्यातला माणूस, आता पुण्यात. माझ्याकडे शेगडी नाही, विटीदांडू आहे.

दांडू बाभळीचा. विटी दोन्ही टोकांना निमुळती, वीतभराहून थोडी कमी. जमिनीत गल खणायची, तीवर विटी आडवी ठेवून दांडूनं कोलायची. झेलली तर गडी बाद. नाही झेलली तर विटी फेकून गलीवरचा दांडू टिपायचा. पुढचं सगळ्यांना ठाऊक असेल. मला लिहायचंय ते मोजण्याबद्दल.

विटी लांब गेली की ती पडली तिथून गलीपर्यंत दांडूनं मोजत यायचं. आणि मोजायचं एक, दोन, तीन असं नाही. आमच्याकडे म्हणायचे: वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वेद, झकू. झकू झाला की परत वकट. मोजणी ज्या शब्दावर संपेल त्याप्रमाणे पुढचा टोला मारायचा, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाला विटी पावलावर ठेवून उडवायची, एकाला मुठीवर, एकाला कोपरावर. कुठला शब्द कशाला, यात आता माझा आणि थोरल्या भावाचा वाद आहे. परवा तासभर फोनवर आम्ही दोघं हेच बोलत होतो. तो ५८ वर्षांचा, मी ५३ वर्षांचा. शेतीच्या वाटणीनंतर आम्ही इतका वेळ बोललोच नव्हतो.

तुमच्याकडे कसं मोजायचे ते कृपया लिहा. मला गावागावाचं जमवायचं आहे.

मागवाला

रानवाटदादा, तुमचा प्रतिसाद वाचून जागचा उठलो आणि आत जाऊन बायकोला वाचून दाखवला. कारण या शब्दांचं उत्तर मला वयाच्या नवव्या वर्षी अंगणात मिळालंय.

मी सोलापूरचा. पूर्व भागात आमचं घर. चारी बाजूंनी पद्मशाली समाजाची घरं, घरोघरी माग, चादरी आणि टॉवेल. पहाटेपासून मागांचा खडखडाट सुरू व्हायचा, तो थांबला की आमची झोप मोडायची. शेजारी घरात तेलुगू बोलायचे, दारात आले की मराठी.

शेजारच्या आजी ओट्यावर बसून कांड्या भरत होत्या. सुताची लड फिरकीवर, हातानं चरखा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं. आम्ही समोर विटीदांडू खेळत होतो. मी मोजत आलो, वकट, लेंड, मुंड, नाल. आजींचा चरखा थांबला. म्हणाल्या, "अरे, हे तर आमचे आकडे!" आणि बोटांवर मोजून दाखवले: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु.

आता तुमचे शब्द शेजारी ठेवून बघा. ओकटिचा वकट, रेंडुचा लेंड, मूडुचा मुंड, नालुगुचा नाल. मग ऐदु, म्हणजे पाच, गळलाय. आरु म्हणजे सहा, तो आपला आर. एडु म्हणजे सात, तो वेद. सातारच्या माळावर पोरं तेलुगूत मोजत होती आणि कुणाला पत्ता नव्हता! झकू मात्र आजींनाही ओळखता आला नाही.

आजींनी त्या दिवशी मला वीसपर्यंत शिकवलं. दहापर्यंत अजून येतं.

रानवाट

मागवालादादा, तुमचे उपकार. भावाला लगेच वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पाच कुठं सांडला रे आपला?" दिवाळीला दोघं गावी जाणार आहोत. बाभळीचा दांडू करायचा आहे.

चिंचोका

नाण्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! पाच पैशांचं चौकोनी, दहा पैशांचं कडेला पाकळ्या पाकळ्यांचं, वीस पैशांचं षट्कोनी. सगळी अॅल्युमिनियमची, इतकी हलकी की खिसा भरला तरी कळायचं नाही. चार आणे मात्र जड. चार आण्यांत आम्हाला दोन गारेगार यायचे. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, झाकण आपटत "गाऽरेगाऽर" अशी हाळी. भर दुपारी पोटावर झोपवलेली सगळी पोरं त्या आवाजासरशी उठून बसायची. ३० जून २०११ ला चार आणे चलनातून गेले. माझ्याकडे आठ आहेत, आईच्या बटव्यातले. ते मी कधी बाहेर काढणार नाही.

पऱ्हाटी

आमच्या विदर्भाचं कोणीच नाही का? मग मी लिहिते. वय ४९, माहेर दारव्ह्याचं.

आमची गाडी म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रुळांची छोटी लाईन. कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडला न्यायला घातलेली, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी ती आम्हाला आमचीच वाटायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, त्यामुळे माझं सगळं लहानपण त्या धुरातलं.

फाटक आलं की गाडी आधी थांबायची. गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन परत थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. पोट्टे तेवढ्यात खाली उतरून बोरं वेचायचे. दिवस गेला तरी कुणाला घाई नाही.

मला नीट आठवतो तो कोळशाचा कण. खिडकीत बसायचा हट्ट माझा, आणि प्रत्येक खेपेला डोळ्यात कण जायचाच. आई मला रडू द्यायची नाही, चोळू तर मुळीच द्यायची नाही. पदराच्या टोकाचा घट्ट बोळा करायची, तोंडाजवळ नेऊन त्यावर गरम हवा सोडायची, हाऽ अशी, आणि तो उबदार बोळा मिटलेल्या डोळ्यावर धरायची. तीनदा, चारदा. पाणी आलं की कण आपोआप कोपऱ्यात यायचा, तो पदराच्या टोकानं टिपायचा. गेल्या वर्षी नातीच्या डोळ्यात धूळ गेली तर माझ्या हातांनी न विचारता ओढणीचा बोळा केला. बाप्पा, मलाच भरून आलं.

गाडी आता बंद आहे. माहेरी गेले की रूळ पाहून येते.

आठळी

आम्ही चाकरमानी. गिरगावातली चाळ आणि राजापूरजवळचं गाव. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. म्हणजे माझी सगळी मे महिन्याची सुट्टी लाल एसटीतली. बाबा आरक्षणाला पहाटेपासून रांगेत उभे राहायचे, डबा रांगेतच खायचे. रात्रभर प्रवास. पोलादपूर गेलं की आई न बोलता प्रत्येकाच्या हातात अर्धं लिंबू द्यायची, कशेडी घाट येतोय. ते लिंबू हुंगत, पुढच्या सीटच्या दांड्याला डोकं टेकून बसायचं. अजून लिंबू चिरलं की मला घाट लागतो.

घरी आम्ही आठ-नऊ मुंबईकर पोरं आणि तिथली पाच. फणस फोडायचं काम मोठ्या काकांचं. कोयतीला आणि हाताला खोबरेल, नाहीतर चीक निघता निघत नाही. (उंबरठाताई, हा आमचा वेगळा चीक!) गरे संपले की आठळ्या धुऊन मडक्यात कोरड्या मातीत घालून ठेवायच्या, पावसाळ्यात भाजीला. आमच्या वाट्याच्या आम्ही चुलीच्या निखाऱ्यात भाजायचो. एक टोक चिरून घ्यायचं, नाहीतर फट्कन फुटते.

आता काकी ८३ वर्षांची आहे. मागल्या शिमग्याला गेलो तेव्हा सहज विचारलं, काकी, आम्ही एवढी पोरं महिनाभर, कसं करायचीस? ती म्हणाली, "काजूचे पैसे यायचे ना, ते तुमच्यासाठी बाजूला ठेवायचे." मग थोड्या वेळानं म्हणाली की एका वर्षी काजू लागलाच नाही, तेव्हा तिनं कानातलं ठेवून तांदूळ आणला होता. कुठलं वर्ष ते विचारलं तर सांगेना. त्या वर्षीही आम्ही पेज नको, भातच हवा म्हणून रुसलो असणार. हे कळल्यापासून माझ्या त्या सुट्ट्यांतली एकही आठवण पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि तरी मला ती कळल्याचं बरंच वाटतं.

हंडाकळशी

सगळं वाचते आहे. खूप चांगलं लिहिताय सगळे. पण थोडं वेगळं लिहिते, रागावू नका.

मी जालना जिल्ह्यातली, जन्म १९७४ चा. पाच भावंडांत थोरली. आमच्याकडे कुरडया व्हायच्या नाहीत. तीन दिवस गहू भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, ते पाणी आणायचं कुठून? १९८७ चा उन्हाळा मला आठवतो तो असा: विहिरीच्या तळाशी उतरायचं, खडकाच्या कपारीतून झिरपतं तिथं वाटी धरायची. वाटी भरली की हंड्यात. एक हंडा भरायला अर्धा तास. वर बायकांची रांग. रात्री नंबर यायचा म्हणून विहिरीवरच झोपायचो. सातवीनंतर शाळा सुटली ती त्यामुळेच.

लहानपण सुंदर होतं असं कुणी म्हटलं की मला बोलता येत नाही. पण ताईंनी हातांचं विचारलंय, तर चुंबळ सांगते. जुन्या लुगड्याचा लांब पट्टा घ्यायचा, पीळ देत देत बोटांभोवती गोल करायचा, टोक आतून ओढून खोचायचं. पीळ सैल पडला की हंडा डुगडुगतो, फार घट्ट झाला की डोक्याला टोचतो. आईनं शिकवली. चुंबळ नीट असली तर दोन हंडे, वर कळशी, हात न लावता नेता येतात. मान सरळ आणि नजर दहा पावलांपुढं ठेवायची, पायाकडं बघायचं नाही.

४४ व्या वर्षी मी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. पास झाले. परीक्षेच्या वर्गातसुद्धा मी तशीच बसले होते, मान सरळ.

उंबरठा

हंडाकळशीताई, रागवायचं कसलं? तुम्ही लिहिलंत म्हणून मी पुन्हा आईला विचारलं. रोज बदलायचं ते पाणी आमच्याकडे आडावरून यायचं आणि ते ओढायला एक बाई यायची. तिचं नाव आईला आठवलं, गाव आठवलं. आणि हेही आठवलं की तिच्या मुलांना चिकाची वाटी कधी दिल्याचं आईला स्मरत नाही. आई त्यानंतर बराच वेळ गप्प होती. माझ्या गच्चीवरच्या पाच भावंडांच्या शेजारी आता ती मुलंही बसलेली दिसतात मला.

तुमच्या दहावीबद्दल मनापासून अभिनंदन.

तेरणाकाठ

लिहू की नको, चार दिवस विचार करत होतो.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. घर माळवदाचं. माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जाड दगडी भिंती, त्यावर लाकडाच्या तुळया, तुळयांवर किलच्या म्हणजे लाकडाच्या चिपा आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा. दर वर्षी मृगाआधी गळू नये म्हणून वर नवी पांढरी माती टाकायची. ते काम पोरांचं. टोपल्यात माती भरून शिडीनं वर न्यायची, आजोबा पसरून धुमसानं ठोकून घ्यायचे. जुनी काढत नसत, नवी वर पडायची. थर वाढत जायचा.

उन्हाळ्यात सगळे माळवदावरच झोपायचे. आजोबा आकाश दाखवायचे. सप्तर्षीला ते म्हातारीचं बाजलं म्हणायचे. चार खूर, आणि मागं ओळीनं तीन चोर, बाजलं पळवायला आलेले. म्हातारी जागी आहे म्हणून चोरांना ते नेता येत नाही. मग रात्री उशिरा दक्षिणेकडून विंचू वर यायचा. विंचू पुरा वर येईपर्यंत मी कधी जागा राहिलो नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मी तेरा वर्षांचा, उमरग्याला मामाकडे होतो म्हणून आज हे लिहितोय. पावसाळा, त्यामुळे सगळे घरात झोपले होते, माळवदावर नाही. दगडी भिंती सुटल्या आणि वरची सगळी माती खाली आली. आमच्या भागात हजारो माणसं गेली ती बहुतेक अशीच. आजोबा, आजी आणि धाकटी बहीण.

त्या मातीतली काही टोपली मी वाहिलेली होती. ३२ वर्षं हे मी कुणाला बोललो नव्हतो.

आता आम्ही पुनर्वसनातल्या घरात राहतो. गच्ची आहे. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला बाजलं आणि चोर दाखवले या उन्हाळ्यात. म्हातारी का झोपत नाही, असं त्यानं विचारलं. मीही आजोबांना तेच विचारायचो.

गोदाकाठ

तेरणाकाठदादा, तुम्ही लहान होता. माती घराला लागायची, ती तुम्ही वाहिली. एवढंच आहे ते. कधी नांदेडला आलात तर घरी या. खरंच या.

दूरदेशी

टोरांटोहून. रोज एक प्रतिसाद वाचते आणि कामावर जाते, एका दिवशी सगळे वाचवत नाहीत. उंबरठाताई, चिकाला पाणी किती घ्यायचं ते राहिलं. माझ्या दोन वेळा फसल्या. इथे ऊन बेताचं आहे, पण काचेच्या खिडकीत वाळतील असं वाटतं. आईला विचारायची सोय आता राहिली नाही.

उंबरठा

दूरदेशी, काल आम्ही कुरडया घातल्या! आई खुर्चीवर, मी चुलीशी (म्हणजे गॅसशी), माझा मुलगा सोऱ्याशी. त्याच्याइतकं बळ माझ्या हातात नाही, आणि आई-काकू हे दोघी मिळून दहा शेरांचं करायच्या.

प्रमाण आईच्या शब्दांत: "जेवढा चीक तेवढंच पाणी, त्याच भांड्यानं मोजायचं." पहिला घाणा आमचा फसला. मी निवळी पुरती काढली नव्हती, चीक पातळ राहिला आणि कुरडई धोतरावर पसरली. दुसऱ्या घाण्याला आईनं बोट बुडवून बघितलं, अजून थोडं पाणी ओतून टाकायला लावलं, आणि जमलं. शिजल्याची खूण अशी: रंग पांढऱ्याचा पारदर्शक होतो आणि दांडा उभा राहतो. ४१ कुरडया झाल्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. सोऱ्या चिंचेनं घासला तेव्हा बाजूला टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव दिसलं. भांड्यांवर पूर्वी ठोकून घालायचे तसं. ते आजीचं नाव नव्हतं. मी आईला म्हटलं, हा दुसऱ्या कुणाचा आलाय का आपल्याकडे? आई म्हणाली, "तिचाच. माहेरचं नाव आहे ते. रुखवतात आलेला." लग्नात नाव बदललं, ते घरात सगळ्यांनी घेतलं. पहिलं नाव कुणी हाक मारायला उरलं नाही. ५१ वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं. इथे लिहीत नाही, घरातलं राहू दे. पण काल मुलानं सोऱ्या पुसून ठेवताना ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.

आणि हो, तिसऱ्या दिवशी गव्हाचं पाणी बदलायला विसरू नका. गहू चिमटीत दाबून बघा, पांढरं दूध आलं की झाला. खिडकीत वाळवणार असाल तर आई म्हणते आहे, कुरडई लहान घाला, आणि दुसऱ्या दिवशी उलटा.